कोपऱ्यातला उंट

खरादीचाचा बुद्धिबळाचा पट काखेत मारून मला शोधत लाकडाच्या डेपोत आले, तेव्हा मी सागाच्या थप्पीमागं उकिडवा बसून लपलो होतो. माझं वय त्या वेळी एकोणतीस होतं, मी सरकारी जंगलखात्यात कारकून होतो आणि अंगात इस्त्रीचा कोट होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःविषयी काही बरं बोलू लागलो तर तुम्ही सावध राहाल.

खरादीचाचांची पहिली ओळख सांगायची तर हा माणूस पटाकडं न बघता खेळायचा. खापरला मशिदीच्या बोळात त्यांचं घर, घरापुढं ओटा, ओट्यावर खराद. दोन खुंटांच्या टोकांत लाकूड अडकवलेलं, त्याला दोराचा एक वेढा. समोर चाची बसायच्या आणि दोर दोन्ही हातांनी पुढं-मागं ओढायच्या. लाकूड गरगरा फिरायचं आणि चाचा पायाच्या अंगठ्याचा टेकू देऊन त्यावर पटाशी धरायचे. लाटणी, पाळण्याचे खूर, भोवरे, रवीचे दांडे. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेली माणसं नुसतं ते फिरणं बघायला ओट्यासमोर उभी राहत. पट ओट्याच्या कडेला मांडलेला असे. मी माझी चाल करायची आणि तोंडानं सांगायची. चाचा लाकडावरची नजर न काढता "हूं" म्हणायचे. बऱ्याच वेळानं म्हणायचे, "घोडा, वजीरना पुढे." मग चाची दोर सोडायच्या, घोडा उचलून ठेवायच्या आणि पुन्हा दोर धरायच्या. खरादीची घरघर थांबली की ओळखायचं, आता आपल्यावर काहीतरी येतंय.

चाचींचा हात मी चाचांच्याच हाताचा वाढवलेला तुकडा समजत होतो. लाकूड उचलायला चिमटा असतो ना, तसा. त्या बाईंनाही डोळे आहेत आणि त्या डोळ्यांमागं काही चालू असेल, हे तीन वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आम्ही देशी खेळ खेळायचो. विलायती खेळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं पळतं. आमचं प्यादं कायम एकच घर, पाटलासमोर चालावं तसं. राजाला किल्ला बांधायची सोय नाही. त्याऐवजी त्याला डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. ती उडी मारून तो बाजूच्या कोपऱ्याकडं सरकतो आणि निवांत बसतो. पण उडीच्या आधी त्याला एक जरी शह बसला तरी उडी गेली ती गेलीच. मग तो भर चौकात सापडतो. चाचा माझ्या राजाला सहाव्या-सातव्या चालीलाच एक फुकटचा शह द्यायचे. मी खुशीत तो शह मोडायचा आणि म्हणायचं, "चाचा, वाया गेला की तुमचा शह!"

चाचा पटाशीचा भुसा फुंकत म्हणायचे, "हां, वाया गया. आते उडी मारी दाखाड."

सगळ्यांत वाईट म्हणजे प्यादेमात. वजिरानं मात केली तर माणूस हरतो. प्याद्यानं मात केली तर माणसाचं नाक जातं. त्यात खापरला एक रिवाज होता. प्यादेमात झाली की जिंकणारा ते प्यादं खिशात घालून घरी न्यायचा, आणि हरणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन ते मागून आणायचं. त्याशिवाय पुढचा डाव नाही. पहिल्या वर्षी मी इतक्या वेळा प्यादं मागायला गेलो की बोळातल्या शेळ्याही मला वाट देऊ लागल्या. चाचा ओट्यावरून ओरडायचे, "अरी ओ, भाऊसाब उना! त्याना पोऱ्या दी टाक त्याले!" आणि चाची आतून ओढणीच्या गाठीतलं प्यादं सोडून माझ्या हातावर ठेवायच्या.

मोहरे चाचांनीच केलेले. पांढरे हेदाच्या पिवळट लाकडाचे, काळे शिसमाचे. आमच्या डेपोत उरलेले तुकडे पडायचे, ते मी त्यांच्या ओट्यावर पोचवायचो. आमची ओळखही त्यातूनच झाली. हेदाचा तुकडा ते कानाशी धरून टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "याले घाई दाखाडी का फाटस. भाऊसाब, तुन्हामायक शे हाऊ." मी फाटायचोच. हल्ला करायला धावायचो, वजीर पुढं काढायचो आणि दहाव्या चालीला तोच वजीर चाचींच्या मांडीशेजारी आडवा पडलेला असायचा.

माझं नशीब कसं बदललं ते सांगतो, आणि यात माझ्या हुशारीचा भाग किती होता तेही खरं सांगतो. एका संध्याकाळी मला उंटाचं काय करावं ते सुचेना. तो सारखा मध्ये मध्ये येत होता. शेवटी मी कंटाळून घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं, राजाची उडी वेळेवर मारून घेतली आणि उंट त्या प्याद्याच्या मागं, राजाच्या अगदी नाकासमोर ठेवून दिला. अडगळ माळ्यावर टाकतात तशी अडगळ टाकली. आणि त्या दिवशी चाचांना माझा राजा सापडेना.

पुढं घरी आलेल्या एका पाहुण्याकडून कळलं की विलायतेतले नामांकित खेळाडूही उंट असा कोपऱ्यात बसवतात आणि त्यावर मोठमोठी पुस्तकं आहेत. ते ऐकल्यापासून ही युक्ती मी विचारांती काढली होती असं मी सांगू लागलो. माझ्या बायकोलासुद्धा.

चाचांना मात्र या कोपऱ्यानं पछाडलं. आजवर दोर थांबायचा तो चाल सांगायला. आता अधूनमधून लाकूड अर्धं कातलेलं राहायचं आणि ते पटाकडं बघत बसायचे. पटाकडं बघून खेळणारे चाचा मी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी आधी हत्तीपुढचं प्यादं एकेक घर पुढं घातलं, माझ्या तटाला जाऊन भिडवलं, मारामारी करून हत्तीची वाट मोकळी केली. "भिंतले डोकं लावानं नही," ते मला शिकवायचे, कारण माझ्याविरुद्ध काय करणार हे ते मला आधी सांगायचे; त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नसे. "भिंत उभी ऱ्हास खुंटीवर. खुंटी काढ, भिंत आपोआप बठी जास. तुन्ही खुंटी म्हनजे हाऊ उंट." म्हणून ते आपला उंट माझ्या उंटासमोर आणून उभा करायचे, घे, मार, दोघं जाऊ देत. एकदा तो राखणदार उंट गेला की राजाभोवतीची काळी घरं उघडी पडतात आणि मग त्या भोकांतून घोडा, वजीर, सगळी वरात आत येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण मी काही मारामारी करत नव्हतो. भित्र्या माणसाला एक विद्या उपजत येते, ती म्हणजे मागं सरकणं. चाचांचा उंट समोर आला की मी माझा उंट एक घर मागं, पटाच्या अगदी शेवटच्या टोकाला नेऊन बसवायचो. कोपऱ्याचा कोपरा. तिथून तो पुन्हा तीच तिरपी वाट राखायचा आणि त्याला गाठायला कोणाला जाताच येत नसे. चाचा हसायचे. "वा रे पठ्ठ्या! उंदीर बिळमा गया!" मग पटाशी उचलायचे. डाव बरोबरीत सुटायचा, नाहीतर कंटाळून त्यांच्याकडून काही राहायचं आणि मी जिंकायचो. दोन वर्षं मी त्या कोपऱ्यात हरलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुद्धिबळ तर आहे, त्यात एवढं काय? तुमचं बरोबर आहे. पण मी शाळेत नापास झालेला, सासऱ्यांच्या चिठ्ठीवर नोकरीला लागलेला, घोड्यावरून दोनदा पडलेला माणूस. आयुष्यात मी हरलो नाही असं काहीच नव्हतं. खापरच्या बाजारात मात्र तांबोळी मला बघून म्हणायचा, "ह्याच त्या कोपरावाला भाऊसाब." दोन शब्दांची ती पदवी मी छातीला लावून हिंडत होतो.

त्या पावसाळ्यानंतर चाचांनी सगळ्या काळ्या मोहऱ्यांच्या गळ्याशी एकेक बारीक खाच कातून घेतली. मी म्हटलं, "वा! काय नक्षी उठून दिसते!" चाचींनी दोर जरा जोरात ओढला. दिवाळीच्या सुमारास एकदा भोवरा कातताना पटाशी लाकडावर न बसता त्यांच्या अंगठ्यावर बसली. रक्त पुसताना ते चाचींना हळूच म्हणाले, "हात कोठे शे मन्हा, सांग बरं." तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती नक्षी नव्हती. चाचांना काळा मोहरा कोणता आणि पांढरा कोणता, ते आता बोटांनी ओळखावं लागत होतं.

मी घाबरून म्हटलं, "चाचा, धुळ्याला दाखवू. मोठे डॉक्टर आहेत."

"दाखाडं," ते म्हणाले. "गया महिनाले जाई उनू. डाक्टर सांगस, आते फक्त उजेड-अंधार ऱ्हाई, थोडा दिवस. मंग तो बी नही." पटाशी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. "जावा देत डोया. साठ वरीस देखं, भरपूर देखं. लाकूड हातले कळस. पन भाऊसाब, एक डाव ऱ्हायना. तुन्हा कोपरा फुटताना मले देखानं शे. मन्हा डोयाघाई. कोनी सांगेल नही, हातघाई चाचपेल नही. देखेल."

मी मोठ्या मनानं म्हटलं, "बघाल, बघाल, चाचा." मनात म्हटलं, दोन वर्षं फुटला नाही, आता कसला फुटतो.

मग महिनाभर चाचांनी मला खेळायलाच बोलावलं नाही. मी बोळातून जायचो तर ओट्यावर पट मांडलेला, चाचांचा चेहरा पटाच्या वीतभर वर, आणि खराद बंद. समोर चाची. चाचा पुटपुटत, चाची मोहरा हलवत, चाचा मान हलवून नको म्हणत, चाची मोहरा परत ठेवत. आणि एका बाजाराच्या दिवशी निरोप आला. मोलगीकडचा वेस्ता नावाचा एक भिल्ल चाचांना हेदाची लाकडं आणून द्यायचा. तो डेपोच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "खरादी सांगस, कोपरा उघडना. तुले बलावस."

कोपरा उघडला. आज वाटतं, त्या क्षणी मी धावत सुटायला हवं होतं. पण मी आधी हिशोब केला. आंधळा होत चाललेला एक म्हातारा एक महिना दिवसरात्र डोकं लावतो आणि निरोप पाठवतो, म्हणजे ती युक्ती खरी असणार. आणि खरी असली तर बाजार भरलेला, ओट्यासमोर माणसं उभी, आणि कोपरावाल्याची प्यादेमात.

मी वेस्ताला म्हटलं, "सांग, आज जमत नाही. साहेब येणार आहेत तपासणीला."

वेस्तानं डेपोभर नजर फिरवली. "कोनता साहेब? आठे त कुत्रं बी नही."

पुढच्या बाजाराला दुसरा निरोप आला. मी तापानं पडलो होतो. म्हणजे निरोप आल्यावर पडलो. तिसऱ्या वेळी निरोप आला नाही; चाचा स्वतः आले.

सकाळचे दहा वाजले असतील. फाटकातून मला आधी चाची दिसल्या, मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालणारे चाचा, मग त्यांच्या काखेतला पट. मोहऱ्यांची पिशवी चाचींच्या हातात. मी खापरला आल्यापासून चाचा डेपोत कधी आले नव्हते. त्यांचं म्हणणं, मेलेल्या झाडांच्या गावात जाऊ नये. आणि मी काय केलं? मी सागाच्या थप्पीमागं गेलो आणि बसलो. विचारपूर्वक नव्हे. उंट जसा मागं सरकवायचो, तसा सरकलो.

चाचा थप्पीच्या पलीकडच्या ओंडक्यावर बसले. आमच्यामध्ये फार तर पाच हात अंतर. त्यांनी पट मांडीवर घेतला. चाचींनी सगळीकडं नजर टाकली आणि ती नजर दोन ओंडक्यांमधल्या फटीतून सरळ माझ्यावर येऊन थांबली. मी हात जोडले. हो, कोट घातलेल्या सरकारी माणसानं उकिडवं बसून हात जोडले. त्यांनी तोंड फिरवलं.

"दिखस का?" चाचांनी विचारलं.

"नही," चाची म्हणाल्या.

"बठू मंग. येई."

ते बसले. आणि मी ज्या जागी बसलो होतो तिथं लाल मुंग्यांचं वारूळ होतं. सागाच्या थप्पीतल्या त्या मुंग्या कशा असतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं सुखात राहावं. त्या पोटऱ्यांवरून वर चढल्या. मी दात आवळले, कोटाची बाही चावली, एक-दोनदा न राहवून चापट मारली, पण उठलो नाही. चाचा मान तिरकी करून बसले होते, हेदाचा तुकडा कानाशी धरताना करायचे तशी. तासभर झाला असेल, नसेल. एकाएकी ते उठले, चाचींना काहीतरी हळूच बोलले आणि दोघं आले तसे निघून गेले. फाटकाशी चाचांना ठेच लागली. पट पडला. चाचींनी तो उचलला, ओढणीनं पुसला. मी ते फटीतून पाहिलं आणि तरीही उठलो नाही.

आठ दिवसांनी माझं मला सोसेना. डेपोतला हेदाचा सगळ्यांत चांगला तुकडा शोधला, गाठ नसलेला, आणि तो घेऊन बोळात गेलो. ठरवलं होतं, आज प्यादेमात तर प्यादेमात. बाजार भरलेला असला तरी बेहत्तर. ओट्यावर माणसं बसली होती. बघून बरं वाटलं. म्हटलं, चाचांनी तमाशाला गर्दी जमवलेली दिसते. तांबोळी पुढं आला, माझ्या हातातला तुकडा घेतला आणि म्हणाला, "भाऊसाब, उशीर कया. ताप उंथा. तीन दिन. आज पहाटमा गयात."

दफनाला मी गेलो. मूठभर माती टाकली. परत येताना लोक बोलत होते की शेवटच्या दोन दिवसांत चाचांना उजेडही दिसत नव्हता.

चाचींना भेटून निदान माफी मागावी म्हटलं, तर तेही दार बंद झालेलं. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, असा त्यांच्यात नेम. इद्दत म्हणतात. मी ओट्यापर्यंत जायचो, दाराला कडी नाही पण पडदा, आणि खरादीच्या दोन खुंटांमध्ये एक लाटणं अर्धं कातलेलं तसंच अडकलेलं. त्या एकशे तीस दिवसांपैकी एकही मी मोजायचा चुकलो नाही. तेवढ्यात बदलीचा हुकूमही आला, पिंपळनेरकडं. मी साहेबांना पोटदुखीचं कारण सांगून महिनाभर थांबलो. आजवरच्या माझ्या खोट्या आजारांतला तेवढा एक कारणी लागला.

इद्दत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. पडदा सरकलेला होता. चाची ओट्यावर बसल्या होत्या, पांढरी ओढणी डोक्यावर, पुढं पट. मोहरे मांडलेले. मी बोलायला तोंड उघडलं. काय काय पाठ करून गेलो होतो!

"बठा," चाची म्हणाल्या. "तुमन्ही चाल."

मी विचारलं, "चाची, तुम्हाला येतं?"

"दोर हातले व्हता, भाऊसाब," त्या म्हणाल्या. "डोया मोकळाच व्हतात."

आम्ही खेळलो. त्यांनी मला शह देऊन माझी उडी घालवायचा प्रयत्नच केला नाही. उलट उडी मारू दिली, कोपरा बांधू दिला. तोच पाहिजे होता त्यांना. मग हत्तीचं प्यादं एकेक घर. मारामारी झाली, हत्तीची वाट मोकळी झाली, त्यांचं एक प्यादं माझ्या राजाच्या नाकापाशी येऊन बसलं. त्यांनी उंट माझ्या उंटासमोर आणला. मी सवयीनं माझा उंट मागं नेला, शेवटच्या टोकाला. चाचींनी मान वर केली. ही जागा चाचा दोन वर्षं अडत होते तीच, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी हत्ती उचलला आणि त्या टोकावरच्या उंटावर नेऊन आदळला. हत्ती देऊन उंट घेतला!

मी म्हटलं, "चाची, हत्ती फुकट जातोय." कारण देशी खेळात हत्ती म्हणजे घरातला कर्ता पुरुष, उंटासाठी त्याला कोणी देत नाही. चाचांनीही दोन वर्षं दिला नव्हता.

"मारा," त्या म्हणाल्या.

मारावाच लागला, शह होता. माझा राजा उंटाच्या रिकाम्या घरात, पटाच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसला. खुंटी निघाली होती. त्यांचा घोडा उडी मारून आत आला आणि राजाची पळायची दोन्ही घरं त्या एकट्यानं टाचेखाली धरली. मी बघत बसलो. वाचवायला काही नव्हतं. मी कुठलंतरी प्यादं उगाच हलवलं. चाचींनी राजाच्या नाकासमोरचं ते पिवळं प्यादं एक घर पुढं सरकवलं. मागं उंटाचा आधार. मात. प्याद्यानं.

ओट्यासमोर कोणी नव्हतं. बाजाराचा दिवसही नव्हता. एक शेळी होती. ज्यांना हे बघायचं होतं ते नव्हते, आणि ज्याला बघायचं नव्हतं तो एवढा मी बसलो होतो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते चाचींना दिसू नये म्हणून मी पटावर वाकलो, तर ते थेट मेलेल्या हत्तीवर पडलं. चाचींनी ओढणीच्या टोकानं हत्ती पुसला. प्यादं उचललं, ओढणीला गाठ मारली.

"मागाले या," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी जुंपलेली होती. गाडीवानाला बोळाच्या तोंडाशी थांबवून मी प्यादं मागायला गेलो. चाचींनी गाठ सोडून ते माझ्या हातावर ठेवलं. ते आज माझ्या दौतीशेजारी उभं आहे. नातू त्याला देव समजतो. मी त्याला पाया पडू देतो.

निघता निघता मी विचारलंच. "चाची, त्या दिवशी डेपोत... मी मागं आहे हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. उपकार झाले तुमचे."

"मी कसाले सांगू?" त्या म्हणाल्या. "त्यास्ले माहीत व्हतं. डोया गयथात, कान नही."

मी विचारलं, "मग हाक का नाही मारली?"

"मी म्हनं, मारा हाक. ते म्हने, नको. भाऊसाबना उंट आज कोपरामा बठेल शे, हाक मारीसन निंघाव नही. आखो थोडा येळ बठतूत आम्ही. पन मंग ते म्हने, चाल, ऊठ बेगी घर. त्याले मुंग्या खाई ऱ्हायन्यात. आपन ऊठनूत नही त हाऊ येडा तठेच मरी जाई, पन बाहेर येवाव नही."

मी खाली मान घालून प्यादं मुठीत धरलं. तिकडं गाडीवान ओरडत होता. चाची खरादीपाशी बसल्या, अर्ध्या लाटण्यावरची धूळ फुंकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"आंधळा मानूस ठेचा खात तुमना कोपरालोंग उना, भाऊसाब. तुमले पाच हात येवायनं नही."